कॅराव्हॅनसाठी टीव्हीचा अँटेना कोणता घ्यावा? (कोल्हापूरहून फिरणाऱ्यांसाठी धागा)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन उद्यमनगरात बांधायला दिली आहे. छताला आतून प्लाय मारायच्या आधी फॅब्रिकेटर विचारतोय की अँटेनासाठी भोक कुठे पाडायचं आणि वर पाइप कितीचा उभा करायचा. टीव्ही २४ इंची, १२ व्होल्टवर चालणारा. बॅटरी १०० अँपिअर-अवर, लेड-ॲसिड. फिरणं मुख्यतः पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, आंबोली, खाली गोवा आणि वर पुण्यापर्यंत.

दुकानात तीन प्रकार दाखवले: छतावरची काट्यांची यागी, थाळीसारखा गोल चहूबाजूचा अँटेना आणि साधी डीटीएचची डिश. परदेशी व्हिडिओंत सगळे यागी किंवा थाळी लावताना दिसतात. आपल्याकडे काय चालेल? कृपया नेमकं सांगा, छत एकदाच फोडायचं आहे.

तरंग_७५
यागी आणि थाळी दोन्ही बाजूला ठेवा. ते अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारा सिग्नल पकडतात. युरोपात अशा मनोऱ्यांवरून डझनावारी चॅनेल फुकट मिळतात, म्हणून तिथल्या कॅराव्हॅनवर ते शोभतात. आपल्याकडे दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बहुतेक बंद केले, सामरिक ठिकाणचे थोडे राखले. डिजिटल, म्हणजे डीव्हीबी-टी२, २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि औरंगाबाद होती, कोल्हापूर नव्हतं. यागी कितीही महागाची आणा, बूस्टर लावा, हवेत सिग्नलच नसेल तर बूस्टर फक्त खरखर मोठी करतो.

आपल्याला डिशच. आणि फिरत्या गाडीला डीडी फ्री डिश सगळ्यात सोयीची: महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही. उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंश. सह्याद्री वाहिनी, बातम्या, सिनेमे सगळं येतं.

पंचगंगाकाठ
घरी पैसे भरून घेतलेलं डीटीएच आहे. त्याचाच बॉक्स गाडीत नेला तर?

वायरमन_राजारामपुरी
तांत्रिकदृष्ट्या चालतो, पण कनेक्शन घरच्या पत्त्यावर नोंदलेलं असतं, तेव्हा आधी कंपनीला विचारा. शिवाय प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळा, म्हणजे डिशचा कोनही वेगळा. कोल्हापुरातून टाटा प्लेचा ८३ अंशावरचा उपग्रह ६८ अंश उंचीवर आहे, एअरटेलचा १०८.२ वरचा जेमतेम ४७ अंशांवर. जितका खाली, तितकी झाडं-इमारती आड येण्याची शक्यता जास्त. फ्री डिशचा ६० अंशांवर आहे, फिरत्या गाडीला हे चांगलं.

बॉक्स घेताना एमपेग-४चा (चित्र आटोपशीर करून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर फ्री डिशचे काही चॅनेल दिसतच नाहीत आणि लोक डिशला दोष देत बसतात. अलीकडच्या काही टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. तसा टीव्ही असेल तर बॉक्सच नको, केबल थेट टीव्हीत. एक अडॅप्टर आणि एक रिमोट कमी.

घाटवाट
आकाराबद्दल. बाजारात ४५, ६० आणि ९० सेंटीमीटरच्या डिश मिळतात. माझं स्पष्ट मत ६०.

४५ची न्यायला हलकी, पण ६०पेक्षा अडीच डेसिबल कमी पकडते. उन्हाळ्यात फरक कळत नाही, जूनमध्ये कळतो. दुसरी अडचण अशी की डिश लहान तितकी तिची नजर रुंद. ४५ची साधारण ४ अंश, ६०ची ३ अंश, ९०ची २ अंश. आणि ९३.५ला लागूनच ९५ अंशावर डिश टीव्हीचा उपग्रह बसलाय, दीड अंशावर. लहान डिशला शेजाऱ्याची कुजबुजही ऐकू येते.

९०ची साडेतीन डेसिबल जास्त देते, पण नेम धरायला किचकट, वाऱ्याला शिडासारखी आणि गाडीत ठेवायला जागा खाणारी. ती एका जागी चार महिने मुक्काम ठोकणाऱ्याला शोभते.

शिरोलीकर
आता छताचं. माझा आग्रह आहे, छतावर डिश कायमची बसवूच नका.

गाडीला सावली पाहिजे आणि डिशला उघडं आभाळ पाहिजे. डिश छताला जखडली की दोन्हीपैकी एक सोडावं लागतं. जमिनीवर तिवईवर डिश ठेवली आणि १५ मीटर केबल बरोबर असली तर गाडी आंब्याखाली, डिश मोकळ्यात. दुसरं म्हणजे गाडीत माणूस चालला की गाडी स्प्रिंगवर डुलते. छतावरची डिश तेवढीच डुलते आणि कडेकडेने जुळवलेली असेल तर चित्राचे चौकोन पडतात. तिसरं कारण छतालाच लागून आहे: भोक पाडलं की कधीतरी ते गळणार, आणि पाणी प्लायच्या मागे मुरतं तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही.

तरीही छतावरच हवी असेल तर: पत्र्याच्या आतून ३ मिमी जाडीची किमान २०० बाय २०० मिमी प्लेट, स्टेनलेसचे एम८ बोल्ट चार, बोल्टभोवती आणि प्लेटखाली पीयू सीलंट. साधा सिलिकॉन नको, रंगवलेल्या पत्र्यावरून तो सुटतो. डिश आडवी पडेल असा कब्जा आणि ती खाली बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा नियम. घडी केल्यावर एकूण उंची टेपने मोजून ड्रायव्हरसमोर लिहून लावा, शहरातल्या कमानी आणि झाडांच्या फांद्या विचारत नाहीत. आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो, तेव्हा बॉडी पासिंगच्या आधीच आरटीओला विचारून घ्या.

सह्याद्रीकन्या
शिरोलीकरांशी सहमत. झाडांचा हिशेब सांगते, तो मुक्कामाला फार उपयोगी पडतो.

उपग्रह आग्नेयेला, ६० अंश उंचीवर. त्यामुळे आग्नेयेकडच्या झाडाच्या उंचीला ०.६ने गुणायचं, तेवढं अंतर डिश आणि झाडाच्या फांद्यांच्या कडेत ठेवायचं. १० मीटरचं झाड असेल तर ६ मीटर पुरे. म्हणजे गगनबावड्याच्या घाटात डोंगर आड येतो असं वाटतं ते सहसा खरं नसतं. अगदी कड्याला टेकून उभे असाल तरच. आड येते ती डोक्यावरची फांदी. ओली पानं सिग्नल जास्त खातात, म्हणून कोरड्या दिवसात चाललेली जागा पाऊस पडून गेल्यावर बंद पडते.

बाकी तीन दिशांना कितीही झाडी असली तरी हरकत नाही. दुपारची सावली पश्चिमेच्या झाडाची असते, ती डिशच्या मार्गात येतच नाही. पूर्व-आग्नेयेच्या झाडाखाली, सकाळच्या सावलीसाठी गाडी लावली तरच तिवई लांब न्यावी लागते.

पंचगंगाकाठ
ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग तिवई ठरली. आता डिश जुळवायची कशी? दर मुक्कामाला माणूस बोलावता येणार नाही.

तरंग_७५
एकदा पद्धत बसली की दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. क्रम मोडू नका.

पहिलं, तिवईचा दांडा ओळंब्यात. चारही बाजूंनी लेव्हल लावून बघा. दांडा ३ अंश कलला तर डिशच्या पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो आणि पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

दुसरं, उंचीचा कोन डिशच्या मागच्या पट्टीवर ६० ठेवा. डिश पाहून घाबरू नका, ती ६० अंश वर बघतेय असं दिसणार नाही. आपल्या डिश ऑफसेट असतात, त्यामुळे तोंड त्यापेक्षा बरंच खाली वाटतं. मोबाइलचा कोनमापक डिशच्या पाठीला लावून ६० करायला जाल तर डिश जवळजवळ आभाळाकडे उताणी होईल आणि काही सापडणार नाही. पट्टीवरचा आकडाच खरा.

तिसरं, दिशा. कोल्हापुरातून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२९ अंश. होकायंत्र गाडीपासून तीन-चार मीटर लांब धरा, लोखंडाने सुई फिरते. तिवईही लोखंडीच असते, म्हणून लांब उभं राहून त्या दिशेचं एक झाड किंवा खांब हेरायचा आणि डिश तिकडे रोखायची. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपल्याकडे एखाद्या अंशाचा, सोडून द्या.

चौथं, बॉक्सच्या सेटिंगमध्ये युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा), ९७५० आणि १०६००, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद. सिग्नलचं पान उघडा. दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघूच नका. एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी आभाळ रिकामं असलं तरी भरते. क्वालिटी हीच खरी.

पाचवं, शोध. ११५ पासून १४५ पर्यंत डिश हळू फिरवा. उपग्रह इतका उंच असल्यामुळे आडव्या फिरवण्यात थोडी सूट मिळते: दांड्यावर १ अंश फिरवलं तर नजर आभाळात अर्धाच अंश सरकते. म्हणून कडेला १ सेंमी सरकवा, तीन सेकंद थांबा, पुन्हा १ सेंमी. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. भराभर फिरवणारा माणूस उपग्रहावरून चारदा जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. नाही सापडलं तर उंची १ अंश वाढवून किंवा कमी करून पुन्हा तीच चाल. उंचीला मात्र सूट नाही, तिथे कडेला अर्धा सेंमी म्हणजेच १ अंश.

सहावं, एलएनबी फिरवणं. हे सगळे विसरतात. कोल्हापुरात डिशच्या मागे, आग्नेयेकडे तोंड करून उभं राहिलं की एलएनबी सरळ स्थितीपासून घड्याळाच्या उलट सुमारे ४८ अंश फिरलेला हवा. तिथून थोडा इकडेतिकडे करत क्वालिटी सगळ्यात वर जाईल तिथे आवळा. काही क्लॅम्पमध्ये हा तिरपेपणा आधीच दिलेला असतो, तो बघून घ्या.

शेवटी नट आवळताना पट्टीकडे बघत आवळा, एकदा डावा, एकदा उजवा. एकच नट एका दमात आवळला की डिश अंशभर सरकते.

घाटवाट
तरंग यांच्या क्रमाला जोडून गावांचे आकडे देतो. दिशा, उंची, एलएनबीचा तिरपेपणा, याच क्रमाने, सगळे ९३.५ साठी:

कोल्हापूर: १२९, ६०, ४८
पणजी: १२७, ६१, ५१
पुणे: १३२, ५९, ४५
मुंबई: १३१, ५७.५, ४५ च्या आसपास
नागपूर: १४४, ६०, ३३

पन्हाळा, राधानगरी, आंबोली, गगनबावडा सगळ्यांना कोल्हापूरचेच आकडे चालतात. नागपूरला उंची तीच, पण दिशा १५ अंशांनी आणि एलएनबी तेवढाच बदलतो. पुण्याच्या पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि खोटा उपग्रह. क्वालिटी आली, पण स्कॅन केल्यावर फ्री डिशचे चॅनेल नाहीत, सगळे कुलूपबंद किंवा अनोळखी, तर बहुधा ९५ अंशावर गेलात. डिशच्या मागे उभं राहून ती थोडी उजवीकडे, दक्षिणेकडे, कडेला साधारण १ सेंमी आणि उंची अंशभर वर. फ्री डिश आले आणि त्यांच्यासोबत काही कुलूपबंदही आले तर मात्र बिघाड नाही. सन डायरेक्टसुद्धा त्याच ९३.५वर आहे.

भटक्या_कागल
स्वयंचलित घुमट कोणी विचारात घेतलाय का? बटण दाबलं की आपोआप शोधतो म्हणे.

शिरोलीकर
यंत्र चांगलं आहे, पण घेण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. त्याच्या यादीत ९३.५ पूर्व आहे का, की युरोपचेच उपग्रह भरलेत. आतल्या डिशचा व्यास किती. बऱ्याच घुमटांत ती ४५ सेंमीच्या आतच असते, म्हणजे वरची पावसाची अडचण आलीच. आणि मोटार बिघडली तर सुटे भाग इथे मिळतात का. घुमट छतावर कायमचा, म्हणजे सावलीचा प्रश्नही तसाच. या पैशात तिवई, डिश, चांगली केबल आणि दुसरी बॅटरी येऊन वर उरतील.

वायरमन_राजारामपुरी
वाऱ्याचं कोणी बोललं नाही. मसाईच्या पठारावर ताशी ६० किमीचा झोत आला तर ६० सेंमीच्या डिशवर साधारण ६ किलोचा रेटा बसतो, ताशी ८० किमीला ११ किलोचा. वेग थोडा वाढला तरी रेटा वर्गाने वाढतो. गुडघ्याच्या वर डिश असलेली हलकी तिवई ६ किलोलाच उलटते. तिवईच्या मध्यातून २० लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन टांगा. पाणी मुक्कामावर मिळतं, वजन वाहून न्यावं लागत नाही. पाय शक्य तितके रुंद, दांडा शक्य तितका बुटका. डिशला उंची नको असते, आभाळ हवं असतं.

आता केबल आणि वीज, माझा प्रांत.

केबल आरजी-६, ७५ ओहम. १५ मीटरपर्यंत निर्धास्त. एफ कनेक्टर दाबून बसवायचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा. पिळून बसवायचा कनेक्टर घराच्या भिंतीत टिकतो, गाडीच्या हादऱ्यात सुटतो. सोलताना: बाहेरचं आवरण १२ मिमी काढा, जाळी मागे उलटवा, फॉइल तशीच राहू द्या, मधली तार ६ ते ८ मिमी उघडी. कनेक्टर बसल्यावर तार नटाच्या कडेपुढे २-३ मिमी दिसायला हवी. जाळीचा केसाएवढा धागाही मधल्या तारेला लागला की शॉर्ट, कारण याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. म्हणून जोडण्या-काढण्याआधी बॉक्स बंद, नेहमी. बाहेरच्या टोकाला रबरी बूट आणि स्वतःला चिकटणारी रबर टेप. एलएनबीजवळ केबलचा खाली झोळ सोडा, पाणी झोळातून गळून जातं, कनेक्टरात शिरत नाही.

वीज. टीव्ही अडीच अँपिअर, बॉक्स आणि एलएनबी मिळून एक. चार तास पाहिलं तर १४ अँपिअर-अवर. लेड-ॲसिडचे निम्मेच वापरायचे, म्हणजे तुमच्या १०० पैकी ५०. पंखा आणि दिवे धरून आरामात भागतं. पण बॉक्स थेट बॅटरीला जोडू नका. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट येतात आणि बॉक्सचा अडॅप्टर १२ चा असतो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा, बक-बूस्ट प्रकारचा, ५ अँपिअरचा कन्व्हर्टर. बॅटरी ११ वर आली तरी तो १२ देतो. नाहीतर बॉक्स १८ व्होल्ट उभे करू शकत नाही आणि काही चॅनेल दिसतात, काही जातात. लोक मग डिश हलवत बसतात. तार २.५ चौरस मिमी, फ्यूज ७.५ अँपिअर, आणि तो बॅटरीशेजारीच.

भटक्या_कागल
पावसात गगनबावड्याला टिकेल का? तिथला पाऊस जिल्ह्यात सगळ्यात जास्त.

तरंग_७५
रिपरिप चालते, ढगफुटीसारखा कोसळला तर कुठलीच डिश टिकत नाही. पावसाळ्यात पावसाच्या थेंबांचा थर साधारण ५ किमी उंचीपर्यंत असतो आणि ६० अंशांच्या रेषेला तो पार करायला आग्नेयेकडे ३ किमी लागतात. म्हणजे डोक्यावर कोरडं असून आग्नेयेला काळं भरलं असेल तरी सिग्नल जातो आणि सर सरली की परत येतो. तेव्हा डिशला हात लावू नका. जुळलेली डिश पावसात हलवली की सर गेल्यावरही चित्र येत नाही. कोरड्या हवेत क्वालिटी शेवटच्या टक्क्यापर्यंत वर नेऊन ठेवायची, तीच पावसातली शिल्लक. एलएनबीची पुढची प्लास्टिक टोपी तडकली असेल तर आधी ती बदला, आत पाणी गेलं की सिग्नल कोरड्या दिवशीही पडतो.

सह्याद्रीकन्या
दुसरा मार्ग म्हणून मोबाइल इंटरनेट. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. शहराजवळ ठीक. एचडी चित्राला तासाला दीड-दोन जीबी सहज जातात आणि घाटात, दाजीपूरच्या जंगलाकडे रेंजचा भरवसा नाही. डिशला पर्याय म्हणून नको, जोडीला असू द्या.

आणि एक, एप्रिलमध्ये बॉक्स नव्याने स्कॅन करत जा. फ्री डिशच्या जागांचा लिलाव होऊन वर्ष बदलताना चॅनेल इकडचे तिकडे होतात.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ६०ची डिश, तिवई, एमपेग-४ बॉक्स, १५ मीटर आरजी-६ घेतोय. मग फॅब्रिकेटरला छतात भोक नकोच सांगू ना? केबल आत कुठून घ्यायची?

शिरोलीकर
छत सोडा. गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर, खिडकीच्या रेषेखाली बाहेरून झाकणाचा एफ सॉकेट बसवा. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, तिवईही बहुधा त्याच अंगाला मोकळ्यात जाते. झाकण खाली उघडणारं, तोंड खाली तिरपं. प्लाय मारण्याआधी तिथून टीव्हीच्या जागेपर्यंत २० मिमीचा लवचिक पाइप टाकून घ्या आणि त्यात केबलसोबत एक ओढायची नायलॉन दोरी सोडा, पुढे केबल बदलायची तर प्लाय उचकटावा लागणार नाही. वळणं ५ सेंमी त्रिज्येपेक्षा घट्ट नकोत, आरजी-६ मोडली की आतून चेपते आणि बाहेरून कळत नाही. १२ व्होल्टची तार याच पाइपमधून नेऊ नका, तिला वेगळा पाइप.

पंचगंगाकाठ
उजव्या बाजूलाही एक सॉकेट ठेवला तर? कधी गाडी उलटी लावावी लागते.

वायरमन_राजारामपुरी
ठेवा, खर्च फारसा नाही. पण दोन्ही सॉकेट स्प्लिटरने एकत्र जोडू नका. न वापरलेल्या टोकामुळे सिग्नल वाटला जातो आणि त्या उघड्या टोकाला पाणी लागलं तर शॉर्ट होऊन एलएनबीची वीज जाते. दोन्ही केबल टीव्हीच्या मागे आणा, टोकांना डावी-उजवी अशी चिठ्ठी लावा आणि जी हवी ती हाताने बॉक्सला लावा.